पंखा बंद करणारे मामा

नागापूरच्या एमआयडीसीत, ऐन एप्रिलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या पंखा बंद करणारा माणूस मी एकच पाहिला. ते आमचे टेस्टिंगचे मामा. आम्ही घामानं निथळत त्यांच्या नावानं बोटं मोडायचो. मामा शांतपणे म्हणायचे, "तुमचा घाम पुसता येतो. टावरवर पेटीला कोन वारा घालनार हाय?"

ही पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. मोबाईल तेव्हा नुकते कुठे आले होते, आणि टॉवरवरच्या, संदेश पाठवणाऱ्या मॉड्यूलला वीज पुरवणाऱ्या पेट्या आमच्या लहानशा कारखान्यात बनत. मॉड्यूल बोलू लागलं की झटक्याझटक्यानं वीज ओढतं आणि पेटीतला वीज देणारा भाग तापत जातो. मामा दहावी शिकलेले; पण तापमापी लावण्याआधी हाताची पालथी बाजू टेकवून आकडा सांगत, आणि तो क्वचितच चुके. मी डिप्लोमावाला, मला याचा थोडा रागच यायचा. "उष्नता म्हंजी पाव्हना," ते सांगत. "येनार त्यो येनारच. जायला दार ठिवलं का न्हाई, एवढं बघायचं."

त्या वर्षी कारखान्याला पहिली मोठी ऑर्डर मिळाली आणि तिची पेटी मी आखली. मामा चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी गावी, नेवाशाकडे गेले होते. मी एकट्यानंच टेस्टिंग उरकलं, रिपोर्टवर 'पास' लिहून झोकात सही ठोकली. साठ पेट्या खोक्यांत भरल्या. दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता.

मामा परतले, रिपोर्ट वाचला आणि एकच विचारलं, "पंखा चालू हुता का?"

होता. बंद करायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मामांनी एक पेटी जोडली, शेडच्या पत्र्यावर भर उन्हात ठेवली आणि आम्ही सावलीत बसून राहिलो. दीड तासात पेटी बंद पडली. मालकांनी भरवसा टाकला होता तो माझ्यावर. नोकरी गेली हे मी धरूनच चाललो.

"मामा, तुम्हीच सांगा ना मालकांना," मी म्हणालो.

"म्या सांगितलं तर ती चुगली. तू सांगितलंस तर ती दुरुस्ती. जा."

मी गेलो. मालक खूप बोलले, आणि त्यातलं काही खोटं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं, "किती दिवस?" मी आठ म्हणालो. ग्राहकाला फोन त्यांनी स्वतः केला. उपाय मामांचा होता. तापणारा भाग आत लोंबता न ठेवता, मध्ये अभ्रकाची चकती घालून पेटीच्या ॲल्युमिनियमच्या भिंतीलाच आवळायचा. मग अख्खी पेटी उष्णता बाहेर टाकते. साठच्या साठ पेट्या आम्ही दोघांनी उघडल्या, आवळल्या, पत्र्यावर तापवल्या. एकही बंद पडली नाही.

नवा रिपोर्ट मी मामांपुढे सरकवला. माझ्या सहीला आता काय किंमत, असं मला मनापासून वाटत होतं. त्यांनी कागद परत माझ्याकडे ढकलला.

"सही तूच कर. चुकलेलं सोता जाऊन सांगतो, त्याच्या सहीवर माझा इस्वास हाय."

मामा पुढे दोन वर्षांनी वारले. मला ते फार जवळचे होते, हे त्यांना सांगायचं राहिलं. त्यानंतर आजवर हजारो रिपोर्टांवर सह्या केल्या. छाती ठोकून सांगतो, त्यातला एकही मामांपुढे ठेवायला मी कचरलो नसतो.