पंखा कुठल्या बाजूला फिरतो

इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष संपवून मी मे महिन्याच्या सुट्टीत मुरुडला घरी आले, तेव्हा आमच्या कोळीवाड्यात एक समज पक्का झाला होता. पोरगी विजेचं शिकते, म्हणजे तिला सगळं दुरुस्त करता येतं. आई मासळी बाजारात बसते, त्यामुळे ही बातमी गावभर व्हायला वेळ लागला नव्हता.

मी बॅगसुद्धा उघडली नव्हती, तोच शेजारची काकी दारात.

"आमचा पंखा बघ गो जरा. फिरत न्हाय, नुसता गुरगुरतो."

मशीन्सच्या पेपरात मी वर्गात दुसरी आले होते. मोठ्या ऐटीत नवा मल्टिमीटर घेऊन गेले आणि स्टुलावर चढले. व्होल्टेज येत होतं. वायर कुठे तुटलेली नव्हती. मी खाली उतरून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पंख्याची आकृती काढली, बाण दाखवले, एक समीकरणही लिहिलं. तेवढ्यात काकीने चहा केला, भाकऱ्या थापल्या, कालवण उतरवलं. पंखा गुरगुरतच होता.

"ऱ्हाऊ दे," काकी शेवटी मायेनं म्हणाली. "तुझी अजून दोन वर्षं हायत ना?"

दुसऱ्या दिवशी काकांनी पंखा उतरवून बाजारपेठेतल्या चाचांकडे नेला. मीही मागोमाग गेले. काय बिघडलंय ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. चाचा तीस वर्षं विजेच्या मोटारी आणि पंखे दुरुस्त करत होते. सुट्ट्यांमुळे गावातले लॉज भरलेले, त्यामुळे दुकानात पंख्यांचा ढीग लागला होता. त्यांनी काकीचा पंखा टांगला, बटण दाबलं, एका बोटाने हलकेच ढकलला. तो फिरायला लागला.

"कंडेन्सर गेलाय," चाचा म्हणाले आणि काडेपेटीएवढा एक काळा डबा बदलून मोकळे झाले.

कंडेन्सर म्हणजे आमचा कपॅसिटर! त्याच्यावरचं अख्खं प्रकरण मी सोडवलं होतं. पण आमच्या पुस्तकात तो दोन उभ्या रेघांचा असायचा. असा काळा, गुळगुळीत, तळहातावर मावणारा मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

"चाचा, मला शिकवाल?"

"तू तर युनिव्हर्सिटीत शिकतेस ना, बेटा?"

"तिथे जास्त करून फळ्यावरच असतं."

ते मोठ्याने हसले. "दुपारी येत जा. सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी असते."

मग मी रोज दुपारी जायला लागले. खाऱ्या हवेने धरलेले स्क्रू कसे सोडवायचे, जळलेली वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, वासावरून कशी ओळखायची, बेअरिंग हाताने फिरवून ते कसं ऐकायचं, हे सगळं चाचांनी दाखवलं. तांब्याची तार गुंडाळताना वेढे मोजावे लागतात. मी बडबडी, माझी मोजणी हमखास चुकायची. चाचा तार उलगडून माझ्या हातात द्यायचे आणि बोटानेच खूण करायचे, पुन्हा.

एक दिवस त्यांनीच मला विचारलं. "एक सवाल आहे. कंडेन्सर नसला तर पंखा जागचा हलत नाही. पण ढकलला की फिरतो. डावीकडे ढकलला तर डावीकडे, उजवीकडे ढकलला तर उजवीकडे. इतकी वर्षं बघतोय. असं का?"

याचं उत्तर परीक्षेत मी दीड पान लिहिलं होतं. पण चाचांसमोर समीकरण कुठून मांडणार? मी थोडा विचार केला.

"चाचा, रस्सीखेच बघितलीय ना? दोन्ही बाजूंना सारख्याच ताकदीची माणसं. दोरी हलत नाही. आपल्या घरच्या विजेवर एकाच वाइंडिंगचं चुंबक असंच वागतं. निम्मा जोर पंखा डावीकडे ओढतो, निम्मा उजवीकडे. तुम्ही बोट लावलंत की एका बाजूची सरशी होते आणि मग तीच बाजू ओढत राहते."

"आणि कंडेन्सर?"

"दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट तो थोडा पुढे-मागे करतो. त्यामुळे पहिल्यापासूनच एक बाजू जड होते. बोट लावावं लागत नाही."

चाचा उठून टांगलेल्या पंख्याकडे गेले. मग त्यांनी कंडेन्सरची एक वायर काढली, पंखा एकदा इकडे ढकलला, थांबवून तिकडे ढकलला आणि समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली, "दोन स्पेशल चाय!" त्या दिवसापासून पंखा न्यायला आलेल्या प्रत्येकाला रस्सीखेच ऐकावी लागली. लॉजचा मॅनेजर घाईत असला तरी सुटका नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत गेले, तर चाचांनी एका जुन्या वहीत उर्दूत प्रश्न लिहून ठेवले होते. एकेक वाचून मला सांगायचे. पहिल्या तिन्हींची उत्तरं मला आली. चौथा प्रश्न मोटारीच्या आवाजाबद्दल होता, तो मी कॉलेजात जाऊन आमच्या मशीन्सच्या सरांना विचारला. सरांनी प्रश्न आपल्या वहीत उतरवून घेतला.

"हे कुणी विचारलं?"

मी सांगितलं.

जानेवारीत सर बायको आणि मुलीला घेऊन मुरुडला फिरायला आले आणि उतरल्या उतरल्या त्यांनी मला फोन केला. मी त्यांना दुकानात नेलं. पाच मिनिटांत येतो असं घरच्यांना सांगून सर आत शिरले. चाचांनी एक मोटार सुरू केली, दोघांनी कान लावले, मग ती खोलली. मी मॅडमना आणि मुलीला समुद्रावर नेलं, पोहे खायला घातले, आमच्या घरीही नेऊन आणलं. परत आलो तेव्हा सरांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या, हाताला ग्रीस होतं आणि चाचा त्यांच्या हातात तांब्याची तार देत सांगत होते, "मोजणी चुकली, साहेब. पुन्हा."