कंपनीची हिरवी नळी

धाकट्या दिरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते आरशात बघत होते. मी घरात नवी, अजून कुणाचा चहा साखरेचा आणि कुणाचा बिनसाखरेचा तेही माहीत नाही, आणि हा माणूस कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला. हातात बटणाएवढा आरसा. मान इकडे वळव, तिकडे वळव, एक डोळा मीट, दुसरा बारीक कर. मनात म्हटलं, अगं बाई, केवढा हा नटवा! माहेरी गेल्यावर सांगूनही टाकलं, आमचे भावोजी दिसायला बेताचेच, पण आरसा काही सोडत नाहीत. आई म्हणाली, जपून राहा. अजून आठवलं की मला एकटीलाच हसू फुटतं.

कारण आरशात ते स्वतःला बघतच नव्हते. समोर एक जुनी पेटी होती, गिटारच्या आवाजाची. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे ते जुने ॲम्प्लिफायर असतात ना, त्यातली. तिच्या पोटातल्या ट्रान्सफॉर्मरच्या मागच्या अंगाला छापलेला नंबर त्यांना वाचायचा होता. त्या नंबरात म्हणे कुठल्या कारखान्यात बनला, कुठल्या वर्षी बनला, सगळं असतं. आरसा दातांच्या डॉक्टरकडून मागून आणलेला. आणि गंमत म्हणजे भावोजींना गिटार वाजवता येत नाही. गिटार सोडा, दाराची बेल वाजवली तरी आतून कुणी येत नाही.

पोटापाण्याला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. त्याआधी, मिसरूड फुटायच्या वयात, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हाताखाली होते. व्हॉल्व्हचं वेड तिथलंच. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. हे पेट्याही जमवत नाहीत, पेट्यांची माहिती जमवतात. कुणाकडे जुना ॲम्प्लिफायर आहे असं कानावर आलं की हे ओळख काढून दारात हजर. पाठीमागची फळी उघडायची, फोटो काढायचे, कुठे किती व्होल्ट ते मोजायचं, कुठल्या रेझिस्टरवर कुठल्या रंगाचे पट्टे ते लिहायचं, आणि घरी येऊन सगळ्या तारांचा स्वच्छ नकाशा काढायचा. माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, म्हणते, "लोक बाई दिसली की तोंड बघतात. आमच्याकडे पेटी दिसली की पाठ बघतात." इस्त्रीचं टेबल कायमचं त्यांच्याकडे गेलंय. जाऊ इस्त्री पलंगावर करते.

पण त्यांच्या नकाशांना मान आहे हो. हे नकाशे ते कॉम्प्युटरवर टाकतात आणि कुठकुठचे लोक, ज्यांची भाषासुद्धा आपल्याला कळायची नाही, ते बघून आपापल्या पेट्या दुरुस्त करतात. त्यातही एक राखाडी कापडाचं मॉडेल आहे. कंपनी कधीच बुडाली, पेट्या थोड्याच बनल्या, कागद कुठेच नाहीत. त्याचा एकुलता एक नकाशा भावोजींचा. वर त्यांनी एक शोध लावलेला. एका रेझिस्टरच्या पायावर बारीक हिरवी नळी चढवलेली आहे, ती म्हणे त्या कंपनीची खूण. हिरवी नळी असेल तर पेटी अस्सल, नसेल तर कुणीतरी हात घातलेला. हे वाक्य इतक्या लोकांनी इतक्या ठिकाणी उचललं की भावोजींची मान ताठ झाली ती ताठच राहिली. मी त्यांना 'हिरवी नळी' म्हणूनच हाक मारायचे. ते लाजायचे, पण आवडायचं त्यांना.

तो नकाशा ज्या पेटीवरून काढला ती एका गिटारवाल्या बाईंची. पूर्वी हॉटेलातल्या बँडमध्ये वाजवायच्या. त्यांनी पेटी नवी कोरी घेतलेली आणि कधी कुणाला दिलेली नाही. भावोजी पेटी बघायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कधी उघडली होती का? बाई म्हणाल्या, छे, एकदा नुसता फ्यूज गेला होता. झालं! न उघडलेली पेटी म्हणजे यांना देव भेटल्यासारखं. बाईंनी बोलता बोलता आणखीही सांगितलं होतं. की त्यांचा हात पुढे पुढे हलका पडला, आवाज बाकीच्यांच्या खाली दबायचा, बँडवाल्याने मागच्या ओळीत बसवलं, आणि मग एक दिवस त्यांनीच सोडून दिलं. भावोजींनी हूं हूं केलं म्हणे. त्यांचं लक्ष नंबरात.

आता खरी गोष्ट. मागे एकदा अशीच दुसरी राखाडी पेटी यांच्या हाती लागली. कुणाच्या तरी माळ्यावर खोक्यातच पडून होती. मागच्या स्क्रूवर कंपनीचा कागदी शिक्का, तोही न फाटलेला. मी त्या दिवशी तिथेच होते, जावेबरोबर मटार सोलत. भावोजींनी शिक्का वाफेवर धरून असा अलगद सोडवला, जणू बाळाचं टोपडं काढतायत. फळी काढली, आत पाहिलं आणि म्हणाले, "ही नकली आहे."

मी म्हटलं, का हो? तर म्हणे, हिरवी नळी नाही. रेझिस्टरपण वेगळाच, लाल-हिरवा-तपकिरी. माझ्या नकाशात पिवळा-जांभळा-तपकिरी आहे.

जाऊ मटारातून मान वर न काढता म्हणाली, "शिक्का कंपनीचा, पेटी कंपनीची, आणि नकली कशी? तुमचा नकाशा कंपनीने काढलाय का?"

ते तडक उठले. त्यांनी बाईंच्या पेटीचा जुना फोटो काढला, स्क्रीनवर मोठा केला, अजून मोठा केला. हिरवी नळी बोटाएवढी झाली. तिच्यावर काहीतरी पांढरं छापलेलं होतं, अर्धं अक्षर. आणि त्या सोल्डरच्या पुढे तारेचं शेपूट दोनदा उलटं वळवलेलं. मी थट्टेने म्हटलं, काय हो हिरवी नळी, कंपनीची सही सापडली वाटतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. शाळेत मास्तरांनी भर वर्गात कान धरलेल्या पोराचं तोंड असतं ना, ते तोंड या टक्कल पडलेल्या माणसाला.

ती नळी कंपनीची नव्हतीच. पेनच्या रिफिलची होती. आणि तारेला अशी उलटी वळणं देणारा माणूस एकच, भावोजी. ती त्यांच्या हाताची खोडच आहे. रेडिओच्या दुकानातल्या उस्तादांनी कितीदा बोटांवर पट्टी मारली तरी गेली नाही.

थोडं थोडं करून बाहेर आलं. रेडिओच्या दुकानात असताना एक राखाडी पेटी आली होती. आतला रेझिस्टर जळलेला. उस्ताद बाहेर गेलेले. गिऱ्हाइकाला संध्याकाळी वाजवायला जायचं, डोक्यावर बसलेलं. ड्रॉवरमध्ये तसा रेझिस्टर नाही, होता तो जवळजवळ दुप्पट. यांनी तोच बसवला, नळी नाही म्हणून रिफिल कापून चढवली, आणि उस्तादांना कळू नये म्हणून बिलावर लिहिलं, फ्यूज बदलला. नंतर बदलून देऊ असं मनाशी ठरवलं. नंतर कुठलं यायला. मधे इतकी वर्षं गेली की पुढे बाईंच्या घरी तीच पेटी उघडली तरी ना बाई ओळखल्या, ना स्वतःचं काम.

म्हणजे बघा. यांनीच सांगितलेलं खोटं इतक्या वर्षांनी बाईंनी यांनाच ऐकवलं, आणि यांनी ते खरं मानून जगभर वाटून टाकलं.

त्यानंतर भावोजी घरात असून नसल्यासारखे. माळ्यावरून आणलेल्या पेटीवर चादर घातली. जेवताना वाटीत बघायचे. कॉम्प्युटरवर कुणीतरी आनंदाने लिहिलं होतं की माझ्या पेटीत चुकीचा रेझिस्टर होता, तो काढून तुमच्या नकाशाप्रमाणे टाकला, हिरवी नळीही शोधून चढवली, आता पेटी अस्सल झाली, तुमचे उपकार. ते वाचून भावोजी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभे राहिले. आम्ही दोघी बाहेर. चिडवायला माझ्याकडे शब्दांचा कधी तुटवडा नसतो, पण त्या दिवशी तोंड उघडवेना. चांगल्या पेट्या बिघडवल्या होत्या लोकांनी, यांच्या शब्दावर.

जाऊ व्यवहारी. म्हणाली, चुकलं तर चुकलं म्हणून लिहा आणि मोकळे व्हा. लिहिलंही त्यांनी, लगेचच. नकाशाच्या माथ्यावर, मोठ्या अक्षरात, की ही चूक माझी, हा रेझिस्टर मी बसवलेला, ही नळी रिफिलची, ज्यांनी बदललं त्यांनी पुन्हा पूर्वीसारखं करा. काही लोकांनी हसून घेतलं, काहींनी शिव्या घातल्या. मला वाटलं, आता चादर निघेल. नाही निघाली.

मी विचारलं, आता काय राहिलं?

"वहिनी, तो रेझिस्टर मोठा असला की व्हॉल्व्हला ताकद कमी मिळते. आवाज घशातच राहतो." मग म्हणाले, "बाईंचा हात हलका पडलाच नव्हता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जगाला लिहिणं सोपं होतं, जग काही समोर बसत नाही. त्या बाईंना तोंड दाखवायचं होतं. आणि पायच उचलत नव्हता. रोज सकाळी म्हणायचे, आज जातो. दुपारी म्हणायचे, आज त्यांची झोपायची वेळ असेल. शेवटी मीच चपला घातल्या आणि म्हटलं, चला, नाहीतर मी एकटी जाऊन सांगते, आणि माझ्या तोंडून दुप्पट होऊन बाहेर पडेल. ते लगेच निघाले. माझी ख्याती आहे तेवढी.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिन्यात भावोजी प्रत्येक वळणावर थांबत होते, आणि दम लागलाय म्हणत होते. दम मला लागायला हवा होता. दार बाईंनीच उघडलं. सडपातळ, ताठ, केस कापलेले. नजर अशी की आपण आपोआप पदर सारखा करावा. पेटी खिडकीपाशी, तिच्यावर कुंडी. चहा आला. भावोजींनी व्हॉल्व्हवर बोलायला सुरुवात केली. मग ट्रान्सफॉर्मरवर. मग हवेवर. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

मग त्यांनी सांगितलं. कपाकडे बघत सांगितलं, पण काही गाळलं नाही. उस्ताद बाहेर होते ते, ड्रॉवर ते, रिफिल ते, फ्यूज लिहिलं तेही. "तुमच्या हाताला काही झालं नव्हतं," म्हणाले. "पेटीच दबलेली होती. मी दाबली होती."

बाईंनी कप बाजूला सारला. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला, उलटा केला, सुलटा केला. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. भावोजींचे कान लाल झालेले, आणि खरं सांगते, मला वाटत होतं की फरशी उकलावी आणि आम्ही दोघं चहासकट खाली दुसऱ्या मजल्यावर पडावं.

"मी रोज रियाज वाढवला होता," बाई शेवटी म्हणाल्या. "बोटं सुजायची."

भावोजींच्या खिशात खरा रेझिस्टर होता, कागदात गुंडाळलेला. त्यांनी तो काढून कपाशेजारी ठेवला. म्हणाले, आता बसवून देतो, परवानगी असेल तर.

बाईंनी कागद बघितला, मग त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. आणि म्हणाल्या, "पण तो तुम्ही नव्हतात."

आम्ही बघतच राहिलो. बाई म्हणाल्या, त्या दुकानातला मुलगा मला चांगला आठवतो. उंच होता. कपाळावर केस यायचे, भरपूर. तुम्ही उगाच कुणाचं तरी आपल्या अंगावर घेताय. भावोजी म्हणाले, मीच होतो. बाई म्हणाल्या, शक्य नाही, तो देखणा होता.

आता सांगा. माणूस इतक्या दिवसांची लाज पोटात घेऊन तीन मजले चढून आलाय, आणि इथे त्याला गुन्हेगार म्हणून घ्यायलाच कुणी तयार नाही! भावोजी म्हणाले, केस होते मला, विचारा वहिनींना. मी म्हटलं, मी आले तेव्हा तरी मला दिसले नाहीत. बाई म्हणाल्या, बघा. भावोजी म्हणाले, तुम्ही बसला होतात, मी उभा होतो, खालून बघितलं की सगळेच उंच दिसतात. बाई म्हणाल्या, मी कधीच बसले नव्हते, मी उभी राहून घाई करत होते. भावोजी म्हणाले, स्टुलावर बसला होतात आणि घाई करत होतात, आणि वर माझ्या शिट्टीला नावं ठेवली होतीत.

बाई थबकल्या. "शिट्टी?"

भावोजींनी ओठ ओले केले आणि शिट्टी वाजवली. कुठलं तरी जुनं नाचाचं गाणं असावं. सुरुवात बरी झाली, आणि तिसऱ्या ओळीत सूर असा घसरला, असा घसरला, की मला दात आंबल्यासारखं झालं.

बाईंनी डोळे मिटले. "अजून तिथेच पडतोस," त्या म्हणाल्या. "तेव्हाही सांगितलं होतं, तिसऱ्या ओळीला श्वास आधी घे."

"सांगितलं होतंत."

"तूच आहेस तो."

भावोजी माझ्याकडे वळले. कान अजून लालच होते, पण चेहरा भांडण जिंकलेल्याचा. "बघा वहिनी," म्हणाले, "मीच होतो."

मग बाईंनी पेटीवरची कुंडी उचलून खाली ठेवली आणि म्हणाल्या, पण उंच तर नव्हतासच. भावोजी स्क्रू काढता काढता म्हणाले, ते मी कुठे म्हटलं? उंच तुम्हीच म्हणालात.