धाकटीचं भाषांतर

लुवा क्वाच मॅजिस्ट्रेट होणार, ही बातमी सिडनीतल्या कॅब्रामॅटाच्या बाजारात आधी मासळीवाल्यांना कळली, मग केळफुलं विकणाऱ्या म्हातारीला, आणि सगळ्यांत शेवटी तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला. थोरली, म्हणजे गाम, घरामागच्या गॅरेजात मशीनवर शाळेच्या शर्टांच्या कॉलरी शिवत होती. शेजारच्या थेममावशीने दारातूनच हाळी दिली, "अगं, तुझी धाकटी जज्ज झाली! आता रस्त्यात भेटली तर वाकायचं की पळायचं?"

"पळायचं," गाम म्हणाली. "वाकायला कंबर कुठे शिल्लक आहे?"

आईने दोघींना व्हिएतनाममधून पळणाऱ्या नावेत बसवलं तेव्हा गाम एकोणीस वर्षांची होती आणि लुवा अकरा. आठ दिवस समुद्रात गामने धाकटीला कमरेला फडक्याने बांधून ठेवलं होतं. सिडनीत आल्यावर एकीने शिकायचं आणि एकीने शिवायचं, हे कुणी ठरवलं नाही. गाम मशीनवर बसली, लुवा शाळेत गेली. पुढे गामचं लग्न झालं, नवरा दुसऱ्या बाईबरोबर ब्रिस्बेनला गेला, आणि विन्ह नावाचा पोरगा तेवढा मागे राहिला. लुवा कायदा शिकायला लागली. तिच्या जाडजूड पुस्तकांवर गाम स्वतः कापडी वेष्टनं शिवून घालायची. आत काय लिहिलंय ते तिला कधी कळलं नाही. पण पुस्तक मळता कामा नये एवढं कळत होतं.

विन्ह चार वर्षांचा असताना गॅरेजात एक भाडेकरू ठेवला होता. ओळखीचाच, त्याच नावेतून आलेला. त्याने चार खोकी आणून ठेवली आणि सांगितलं, दोऱ्याची रिळं आहेत. एके सकाळी पोलीस आले. भाडेकरू पळाला होता. खोक्यांत वर रिळं होती आणि खाली हेरॉइन.

चौकीत दुभाषी वेळेवर मिळेना. बरोबर आलेली वीस वर्षांची बहीण कायद्याची विद्यार्थिनी आहे असं कळल्यावर अधिकारी म्हणाला, मग प्रश्नच मिटला, तूच सांग. लुवा ताठ बसली. अधिकाऱ्याने विचारलं, "खोक्यांत काय आहे हे तुम्हाला माहीत होतं?" लुवाने प्रश्न बहिणीला सांगितला.

गाम म्हणाली, "य्या..."

व्हिएतनामी घरात मोठ्या माणसाने किंवा साहेबाने काही विचारलं की आधी ‘य्या’ म्हणायचं असतं. न म्हणता थेट उत्तर देणारं पोर उद्धट ठरतं, थोबाडीत खातं. ‘य्या’ म्हणजे ऐकलं, आपला मान ठेवला. हो की नाही, ते त्याच्या पुढे येतं. गामच्या तोंडून पुढे येतच होतं की त्याने दोरा सांगितला होता, मी उघडून पाहिलं नाही. पण तेवढ्यात लुवा इंग्रजीत म्हणून गेली, "हो." अधिकाऱ्याने ते टाइप केलं, मान वर करून म्हणाला, "शाब्बास. तुझ्यासारखे दुभाषी रोज मिळत नाहीत."

आपण काय केलं ते लुवाला कळलं. दुसऱ्या दिवशी नव्हे, तिथेच, त्या खुर्चीवर. ‘थांबा, चुकलं’ एवढंच म्हणायचं होतं. पण नुकतीच शाबासकी मिळाली होती. मग अधिकारी पुढच्या प्रश्नाला गेला, आणि मग गामने खाली सही केली.

साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. लुवा राहायची त्या वसतिगृहात पोर ठेवता येत नाही म्हणून विन्हला किनाऱ्यावरच्या एका गोऱ्या कुटुंबाकडे दिलं. लुवाला खोली घेऊन त्याला ठेवता आलं असतं, पण परीक्षा तोंडावर होत्या. तुरुंगातल्या पहिल्या भेटीत लुवाने काचेपलीकडून विचारलं, "ताई, तू हो का म्हणालीस गं?"

"म्हणाले असेन," गाम रडत म्हणाली. "घाबरले होते. माझीच जीभ जळली."

ती सुटून आली तेव्हा विन्ह सात वर्षांचा झाला होता आणि आईची भाषा विसरून गेला होता. पुन्हा शिकायला त्याने साफ नकार दिला.

लुवाचं मात्र चढत गेलं. गरिबांना फुकट सल्ला देणाऱ्या कचेरीत दहा वर्षं, नगरपरिषदेत दोनदा निवडून, भाडेकरूंच्या न्यायाधिकरणावर पाच वर्षं. शिवणाऱ्या बायकांना तिने मालकांकडून भरपाया मिळवून दिल्या, हेही खरंच. पण नाव झालं ते एका व्याख्यानाने. न्यायाधीशांपुढे, पोलिसांपुढे ती सांगायची की ‘य्या’ म्हणजे हो नव्हे. उदाहरणाला एक शिवणारी बाई असायची आणि एक दुभाषी, विशीतली, घाईतली, साहेबाला खूश करायला निघालेली. ऐकणारे सुन्न व्हायचे. नावं ती कुणाचीच सांगत नसे.

मॅजिस्ट्रेटची नेमणूक झाल्यावर तिथल्या व्हिएतनामी साप्ताहिकाने तेच व्याख्यान भाषांतर करून छापलं.

शपथविधी गुरुवारी होता. तयार मिळणारे काळे झगे उंच गोऱ्या माणसांच्या मापाचे. आदल्या शुक्रवारी लुवा झगा घेऊन बहिणीच्या गॅरेजात आली. गामने तिला स्टुलावर उभं केलं, स्वतः गुडघ्यांवर बसली आणि तोंडात टाचण्या धरून घेर वर दुमडायला लागली.

"हलू नकोस. मोठी झालीस, पण उभं राहायला अजून शिकली नाहीस."

"चार बोटं वर घे, ताई."

"तीन. चार घेतली तर शेफारलेली दिसशील." गामने एक टाचणी लावली. "पेपरात तुझं आलंय. थेमने वाचून दाखवलं."

लुवाने झग्याची बाही सारखी केली.

"छान लिहिलंयस. विशीतली. घाईतली. साहेबाला खूश करायला निघालेली." प्रत्येक शब्दाला एक टाचणी. "थेम विचारत होती, कोण गं ही सटवी? मी म्हटलं, मला काय ठाऊक."

"ताई, वीस वर्षांची होते मी."

"मी अठ्ठावीसची. माझं पोर चारचं." गामने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. "एकवीस वर्षं मी रोज स्वतःला शिव्या दिल्या, धाकटे. भात टाकताना, कॉलर उलटताना. का हो म्हणालीस, गाढवे, का हो म्हणालीस. आणि तू समोर बसून माझ्या हातचं गिळत होतीस."

"तुझ्यासारख्या शेकडो बायका येतात माझ्याकडे. मी त्या खुर्चीवर बसले तर आपलं कुणीतरी ऐकणारं—"

"बस की खुर्चीवर. मी कुठे ओढतेय? मला कागद नको, कोर्ट नको. विन्हला सांग. तेवढंच."

विन्ह अँब्युलन्सवर होता. सार्वजनिक संडासात सुई टोचून निळी पडलेली पोरं तो आठवड्याला दोन-तीन तरी उचलायचा. आईने ते विष घरात ठेवलं होतं आणि स्वतःच्या तोंडाने कबूलही केलं होतं, हे त्याने जुन्या कागदात वाचलं होतं. त्याला मुलगी झाली तेव्हा त्याने बायकोसमोर आईला बजावलं होतं की बाळाला हात लावायचा नाही. लांबून बघ. गामला भाषा कळली नाही तरी त्याने आडवा धरलेला हात कळला. येत्या रविवारी बाळाला महिना भरत होता. बारा सुईण-देवींना बारा वाट्या मांडायच्या, मोसंबी ठेवायची आणि आजीने नात मांडीवर घ्यायची, अशी रीत. मांडीचं काय होणार ते गामला माहीत होतं.

"त्याला सांगितलं तर तो गप्प बसणार नाही," लुवा म्हणाली. "पेपरात जाईल. मी बाहेर फेकली जाईन. शपथविधी होऊ दे. मग सांगते, आईशप्पथ."

"आईला कशाला मधे घेतेस? रविवारी पाहुणे यायच्या आत मी त्याच्याशी बोलणार. तू शेजारी उभी राहा आणि सांग. माझ्यासाठी शब्दाला शब्द एकदा तरी सांग. नाहीतर थेमच्या नातवाला घेऊन जाते. त्याला इंग्रजी येतं."

"विन्ह त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही."

"म्हणूनच तुला विचारतेय ना, बये," गाम म्हणाली आणि पुन्हा वाकून टाके घालायला लागली. घेर एकसारखा उतरला. सुईचं काम तिने रागातही कधी बिघडवलं नाही.

रविवारी सकाळी नऊलाच दोघी विन्हच्या घरी पोहोचल्या. टेसा, त्याची बायको, आत अंघोळ करत होती. ओट्यावर गामने बारा वाट्यांत गोड चिकट भात भरला. विन्ह बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभा होता, तिच्यापासून हातभर लांब.

गामने हात पुसले. मुलाकडे बघून आपल्या भाषेत बोलायला लागली. पाठ केल्यासारखं, सावकाश.

"विन्ह, मी ‘हो’ म्हटलं नव्हतं. खोक्यांत काय होतं मला माहीत नव्हतं. मी ‘य्या’ म्हटलं. हिने त्याचं ‘हो’ केलं. चूक हिची. मी ते विष घरात ठेवलं नाही, बाळा. तुला सोडून मी गेले नाही, मला नेलं."

मग ती लुवाकडे वळली. "सांग."

"काय म्हणतेय ती, मावशी?" विन्हने विचारलं.

गामला बाजारापुरतं इंग्रजी येत होतं. किंमत, थँक्यू, येस, नो, सॉरी. लुवाला ते पक्कं ठाऊक होतं. तिने सॉरी हा शब्द टाळला. येस-नोही टाळले. कोर्टातले लांबलचक, जड शब्द निवडून ती खालच्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "तिला मनापासून पश्चात्ताप होतोय. त्या काळात तिच्या हातून जे घडलं त्याची पूर्ण जबाबदारी ती घेतेय. तुझं बालपण तिच्यामुळे गेलं, म्हणतेय. तुझ्याकडे क्षमा मागतेय."

विन्हने बाळाला खांद्याशी घट्ट धरलं. इतकी वर्षं तो ह्याच वाक्याची वाट बघत असावा.

"तिने हे कधीच कबूल केलं नव्हतं," तो म्हणाला. "कधीच नाही. तिला सांग, झालं गेलं. मी तिला माफ केलं."

गामने लुवाची बाही ओढली. "काय? काय म्हणाला?"

"म्हणतोय, मला आधीच कळायला हवं होतं," लुवा म्हणाली. "आणि घरातलं घरातच राहू दे, बाहेर बोलू नका, म्हणतोय."

"माझ्यावर गेलाय," गाम म्हणाली. "मन मोठं आहे." आणि ओट्याला धरून उभी राहिली, कारण विन्ह दोन पावलं पुढे आला होता आणि खांद्यावरचं बाळ अलगद काढून तिच्यापुढे धरत होता.

ती खाली जमिनीवरच बसली, मांडी घालून. बाळाने जांभई दिली. गामने त्याच्या टाळूला नाक लावून खोल वास घेतला, पुन्हा घेतला, मग मान वर करून धाकट्या बहिणीकडे बघितलं. तिचे गाल भिजले होते आणि ती हसत होती. लुवाने भिंतीकडे तोंड केलं नाही. कोर्टात लोक आपल्याकडे बघत असताना कसं उभं राहायचं ते तिला येत होतं.

"धाकटे, तू सांगितलंस," गाम म्हणाली. "मला वाटलं नव्हतं तू सांगशील. टाचण्या लावताना मी तुला मनात काय काय शिव्या दिल्या. विसर हां ते. आज तू मला माझं पोर परत दिलंस."

"आता काय म्हणतेय?" विन्हने डोळे पुसत विचारलं.

"माझे आभार मानतेय," लुवा म्हणाली.

"मानायलाच हवेत," विन्ह म्हणाला, आणि मावशीला बसायला त्याने खुर्ची ओढून दिली.