माईक चावतो

आमच्या घरात एक समज होता: कलाकार खरा असेल तर माईक त्याला चावतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसा कचेरीत कारकुनी करायचे आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत गायचे. कार्यक्रमाहून परतले की ओठांवरून बोट फिरवत म्हणायचे, "आज चावला." मग आई हसत त्यांच्या हातावर साखर ठेवायची. आमचं घराणं बडोदा संस्थानच्या फौजेतलं, आणि लढाईतून जखम घेऊन आलेल्या शिपायाच्या हातावर घरची बाई अशीच साखर ठेवायची म्हणे. खरं-खोटं देव जाणे. फौज गेली, तलवार भिंतीवर गेली, साखर तेवढी राहिली.

या नवरात्रात माझी मुलगी अण्णांच्या माघारी त्यांचाच अँप, म्हणजे अँप्लिफायर, घेऊन बडोद्यात आमच्या अकोटा भागातल्या सोसायटीच्या गरब्यात गिटार वाजवत गायला उभी राहिली. पहिल्या माळेला घरी आली ती नाचतच. "बाबा, मला माईक चावला. आजी, साखर ठेव ने." आईनं कौतुकानं डबा उघडला आणि मी पोरीला टाळी दिली.

अँप जुना, व्हॉल्व्हचा. आतल्या काचेच्या नळ्या तापून उजळल्या की आवाजाला जी ऊब येते ती आजच्या डब्यांना येत नाही, हे माझं ठाम मत आहे आणि त्यावर मी वाद घालत नाही. पण सातव्या माळेपासून तो खरखरू लागला. त्याखाली सारखी घोंघों, म्हणजे हम. अण्णांना हम अजिबात खपायचा नाही. ताटात खडा आल्यासारखं तोंड करायचे.

नवमीला सकाळी मी अँप टेबलावर घेतला. आधी गिटारची वायर काढली. आवाज तसाच, म्हणजे गिटार निर्दोष. व्हॉल्यूम शून्यावर आणला, तर खरखर आणि घोंघों दोन्ही गेली. म्हणजे दोष पुढच्या लहान नळ्यांत. अँप चालू ठेवून लाकडी पेन्सिलीनं एकेका नळीच्या काचेवर हलकेच टिचकी मारत गेलो. पहिली गप्प राहिली. दुसरीला पेन्सिल लागताच स्पीकरमधून स्टीलची वाटी पडल्यासारखा आवाज आला. चोर सापडला. अँप बंद केला, नळ्या निवू दिल्या आणि अण्णांच्या बिस्किटांच्या डब्यातली जपून ठेवलेली नळी तिथं बसवली. पुन्हा चालू केला तर काय, चिडीचूप. मी स्वतःवरच इतका खूश झालो की अँप तसाच चालू ठेवून चहा टाकायला उठलो.

त्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे तलवारीपासून शिवणाच्या कात्रीपर्यंत आणि लॅपटॉपपासून ॲक्टिवापर्यंत सगळ्या हत्यारांना कुंकू लागतं. आई नुकतीच न्हालेली, अनवाणी, फरशी नुकतीच पुसलेली. ती ताट घेऊन अँपपाशी आली, बोट पाण्यात बुडवून कुंकवात टेकवलं आणि पुढच्या लोखंडी पट्टीवर लावलं.

तिचा हात मागे उडाला. ताट पडलं आणि ती धपकन खाली बसली. ओल्या फरशीवर लालभडक कुंकू पसरलं. ते बघून माझ्या मनात भलतंच आलं. मी सॉकेटमधून प्लग उपटला आणि तिच्याजवळ बसलो.

"काही नाही रे," आई म्हणाली. हात चोळत जरा वेळ अँपकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा चावला."

तेवढं ऐकलं आणि मी पेचकस घेतला.

प्लग उघडला. अर्थिंगची हिरवी वायर आत होती, पण जोडलेली नव्हती. कापून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली होती आणि टेपच्या शेवटाला बारीक घडी घातली होती, पुढे कधी सोडवायची झाली तर नख लागावं म्हणून. ती घडी अण्णांची. आमच्या घरातल्या प्रत्येक वायरवर आहे. पायात चप्पल घातल्याशिवाय मला बल्ब बदलू न देणारे अण्णा.

त्यांनी ते का केलं हेही लगेच कळलं. कार्यक्रमात अँप माईकच्या मिक्सरला जोडला की दोन्हीकडच्या अर्थिंगमुळे हम यायचा. अण्णांनी तो असा घालवला होता. आता अँपच्या आत गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. मग हातात गिटारच्या तारा, ओठांशी अर्थिंग असलेला माईक, आणि वाट त्या दोघांच्या मधून. आधी अण्णांच्या अंगातून, आणि आता आठ माळा माझ्या पोरीच्या.

"मी तिच्या हातावर साखर ठेवली," आई म्हणाली.

मुलगी झेंडूची फुलं घेऊन आली आणि आजीला खाली बसलेलं बघून घाबरली. "आजी, वागलं तर नाही ने?" बडोद्याची पोरं, त्यांना लागत नाही, वागतं. मी तिला सगळं सांगितलं. ती एकदम ओठांना हात लावून बसली.

दुपारी छाणी भागातल्या वर्कशॉपमध्ये अँप नेला. गळका कपॅसिटर बदलून घेतला, हिरवी वायर समोर उभं राहून जोडून घेतली. पट्टीवर टेस्टर लावला. पेटला नाही. तरी समाधान होईना, म्हणून स्वतःचा तळवा टेकवला. काही लागलं नाही.

संध्याकाळी मैदानावर अँप मिक्सरला जोडला आणि घोंघों परत आली.

"बाबा, हम येतोय."

"येऊ दे."

माझं बोट स्विचवर होतं. तिनं तारांवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू ओठ माईकला लावले.

"नाही चावला," ती म्हणाली. तिचा चेहरा जरा उतरलाच.

पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली आई उठली. पिशवीतून कागदाची पुडी काढत नातीपाशी गेली आणि तिच्या हातावर साखर ठेवली.