चंद्राच्या फोटोचा डावा कोपरा

रेवा, अनिश,

हे मी तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. आजोबा असते तर त्यांच्यापासूनही लपवलं असतं. मग आत्ताच का? परवा सुशीलाताई चहाला आल्या होत्या आणि त्यांच्या हातातली कपबशी सारखी वाजत होती. हात थरथरतो त्यांचा आता. आणखी थांबले तर त्या असेपर्यंत सांगायचं राहून जाईल — तेवढं नको.

सुशीलाताई तुम्हाला ठाऊक आहेत. वाकडच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात, तुम्ही आलात की बुद्धपौर्णिमेची खीर डबा भरून आणायच्या, त्याच. चाकणच्या एका कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं सुट्या भागांची मापं तपासली. उभ्यानं.

आणि मी? मी दुर्बीण घेतली त्या दिवसापासून वही ठेवली. तारीख, वेळ, हवा, कॅमेऱ्याचं सेटिंग. कॅमेरा अगदी साधा, आजोबांचा. दुर्बिणीला जिथे डोळा लावतो तिथे तो टेकवायचा आणि बटण दाबायचं, एवढंच काम. मग का जमू नये? दोन वर्षं माझ्या फोटोत गुरू ग्रह म्हणजे ओल्या बोटाचा ठसा आणि चंद्र म्हणजे पुसलेला खडू.

ज्या दिवसाचं सांगायचंय, त्या दिवशी अष्टमी होती, गच्चीवर अजून उजेड होता. पौर्णिमेचा चंद्र फोटोत सपाट येतो, अर्ध्या चंद्राच्या कडेला विवरांच्या सावल्या पडतात, असं मी सुशीलाताईंना समजावत होते. मला समजावायला किती आवडतं, तुम्हाला माहीत आहे. त्या ऐकून घेत होत्या. माझे बारा फोटो हलले, तेव्हा म्हणाल्या, "ताई, तुमी श्वास धरून बसता. धरायचा न्हाई, सोडायचा. सोडला की मधी जरा निवांत असतंय बघा — तवा दाबायचं. आमी कंपनीत माप तसंच घ्यायचो."

मग त्यांनीच माझ्या हातून कॅमेरा घेतला आणि बटण दाबलं. एकदाच.

तुमच्या खोलीत लावलेला चंद्र — तो हा.

तुम्हाला पाठवताना मी लिहिलं, "जमला एकदाचा." कुणाला जमला, ते लिहिलं नाही. हे खोटं झालं का? त्या दिवशी मी स्वतःला 'नाही' म्हणाले. पण मग वहीत लिहिलं — "छायाचित्र: स्वतः." वही तर मीच वाचणार होते. तिथे कुणाला फसवत होते मी?

पुढे एका रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना त्या शेजारीच बसल्या होत्या. रेवा, तू फ्रेम कॅमेऱ्यापुढे धरून म्हणालीस, "सुशीलाआजी, आमच्या आजीनं काढलेला चंद्र बघा." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. दोन शब्द पुरले असते — यांनी काढला. मी चहा टाकायला उठले. मागून त्यांचा आवाज आला, "लय भारी, बाळा. तुमच्या आजीचा हात लय निवांत हाय."

त्यानंतरही दर अष्टमीला त्या गच्चीवर येत राहिल्या. कॅमेरा मीच हातात धरायचे. त्यांनी पुन्हा मागितला नाही, मीही पुढे केला नाही.

इंग्रजी पुस्तकं वाचून, वही आखून मला जे दोन वर्षांत जमलं नाही, ते कंपनीत काम केलेल्या बाईला एका श्वासात जमलं. हे मला सोसलं नाही. त्यांच्यावर माझा जीव आहे, तेव्हाही होता. तरीही.

आज वही काढली. "स्वतः" खोडलं नाही. शेजारी त्यांचं नाव लिहिलं, आजची तारीख घातली.

आणखी एक. तुमच्याकडचा फोटो मी कापून पाठवला होता. डाव्या कोपऱ्यात सुशीलाताईंचं बोट आलं होतं — धूसर, पण बोटच. तेवढंच कापलं. मूळ फोटो मात्र मी पुसला नाही. तो अजून कॅमेऱ्याच्या कार्डात आहे, बोटासकट.