बाजाराच्या दिवशीची सुई

"ग्रोथ हॉर्मोन डेफिशियन्सी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे उंची वाढवणारं हॉर्मोन साक्षीच्या शरीरात कमी तयार होतं. नऊ वर्षांची माझी पोर पहिलीच्या मुलांत सहज खपून जायची, आणि आम्ही 'बापावर गेलीय' म्हणत बसलो होतो.

संभाजीनगरला स्टिम्युलेशन टेस्ट झाली. त्यात औषध देऊन थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतात. उपाशी पोर पेंगत होती आणि मी व्हरांड्यात येरझारा घालत होते. एका जागी बसणं मला जमतच नाही.

मग रोज संध्याकाळी मांडीत इंजेक्शन. मुक्कामाला जायचं तर औषध थंड ठेवायला बर्फाचा डबा सोबत. आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन मिळतं असं कळल्यावर मी लगेच हो म्हणून टाकलं. विसरायला नको म्हणून आमच्या टेंभुर्णीच्या आठवडी बाजाराचा दिवस धरला. तो गावात कुणीच विसरत नाही.

इथेच फसले. साक्षी आदल्या दिवसापासून जेवेना. बाजारात येणंही तिने बंद केलं. भाजीचे टेम्पो गावात शिरले की तिचं तोंड उतरायचं. मी घासलेली भांडी पुन्हा घासायचे. उद्या औषधच नको म्हणाली तर?

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "तुला कोणतं बरं वाटतं?"

"रोजचं. दुखायचं अन् संपून जायचं. आता आठवडाभर तेच डोक्यात फिरून राह्यलंय."

"मंग काय रोज टोचून घ्यायचं?" मी मधेच.

"ताई, तिला बोलू द्या. औषधं दोन्ही चांगली आहेत. न चुकता घेतलं पाहिजे, एवढंच."

मला रागच आला. भावाच्या लग्नाला मंठ्याला बर्फाच्या डब्याशिवाय, मोकळ्या हातांनी जायचं मी ठरवून टाकलं होतं. तेव्हा कळलं, आठवड्याची सुई मलाच हवी होती.

तुमच्या लेकराला कदाचित आठवड्याचीच आवडेल. पण त्याला विचारा. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, त्यांचे उपकार विसरणार नाही.

रोजची सुई पुन्हा सुरू केली आणि लग्नाला बर्फाचा डबा घेऊनच गेले. हळदीच्या गडबडीत, बायकांच्या घोळक्यात मी हसत उभी होते. कुणीतरी पदर ओढला. साक्षी होती, गालाला हळद लागलेली.

"आई, चल ना जल्दी. सुई राह्यली. मला नाचायचंय."