दंडमाफी कुणाच्या नावे

शोभना साळवेला रडू येत नाही, हे स्नेहलतागंजातल्या तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. नवरा विष्णू सहा वर्षांपूर्वी स्कूटरवर जवळच्या बेटमा गावी गेला, तो परत आलाच नाही. स्कूटर तिथल्या बसस्टँडवर सापडली, लॉक लावलेली. माणसाचा पत्ता नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाई कामावर हजर! इस्पितळाच्या धुलाईघरात ती चादरींच्या घड्या घालते. त्या दिवशीही घातल्या. गल्लीनं नावं ठेवली. गल्लीचं काय जातंय! आतून दगड झालेल्या माणसाला हाताला काम असलेलं बरं पडतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मूळची ती नगरकडची, आता या हिंदी मुलखात. सासर-माहेर दोन्ही तीन पिढ्यांचे कॅथलिक. घरात ती आणि मुलगी कस्तुरी, जी विजय नगरला एका ऑफिसात नोकरी करते. सहा वर्षांत दोन नेम मोडले नव्हते. बाहेर पडताना किल्ली विजेच्या मीटरमागे ठेवायची, विष्णू आलाच तर दारात ताटकळायला नको. आणि संध्याकाळच्या प्रार्थनेच्या शेवटी मायलेकींनी म्हणायचं, "प्रभू, त्यांना सुखरूप घरी आण."

त्यात आलं दोन हजार पंचवीसचं ज्युबिली वर्ष, कॅथलिकांचं दर पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष. पाप फादरपुढच्या कबुलीनं माफ होतं, पण त्याची उरलेली शिक्षा भोगावी लागते. त्या शिक्षेचीही या वर्षी पूर्ण माफी, म्हणजे दंडमाफी, मिळणार होती. बिशपांनी नेमून दिलेल्या चर्चला भेट द्यायची, कबुली द्यायची, मिस्सेच्या उपासनेत ख्रिस्तशरीर म्हणून मिळणारी भाकर घ्यायची, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना करायची, आणि मनात पापाची ओढ ठेवायची नाही. शोभनाला वाटलं, विष्णूसाठी घ्यावी. आपल्या पायांनी चर्चला जाणाऱ्यांतला तो नव्हताच. नाताळलासुद्धा ढकलून न्यावा लागे.

तिनं फादर अनीशना विचारलं.

"शोभनाजी, अपने लिए ले सकते हैं, या किसी मरे हुए के लिए," फादर म्हणाले. "दूसरे ज़िंदा आदमी के लिए नहीं। उसे खुद आना पड़ता है।"

झालं! घ्यावी, तर नवऱ्याला स्वतःच्या तोंडानं मेला म्हणायचं. न घ्यावी आणि तो खरंच गेला असेल, तर बायको असून स्वर्गाच्या अलीकडे, शिक्षा भोगायच्या शुद्धिस्थानात खितपत पडायचा. वर्षभर तिनं आज-उद्या केलं. कस्तुरीजवळ विषय काढायची सोय नव्हती. "घरी आण" म्हणताना पोरीचा आवाज नेहमी वर चढायचा.

डिसेंबरचा शेवटचा रविवार आला, वर्षाची सांगता. शनिवारी शोभनानं कबुली दिली होती. मिस्सा झाली, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि 'नमो मरिये' म्हणून झालं. शेवटच्या बाकाशी गुडघे टेकून ती पुटपुटली, "विष्णूच्या आत्म्यासाठी." वाटलं होतं, आता आत काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. गुडघा दुखत होता, आणि घरी पोह्यांवर झाकण ठेवलं की नाही ते आठवत नव्हतं.

बाहेर कस्तुरी गाडीला टेकून उभी होती.

"कोणासाठी घेतली, आई?"

"तुझ्या पप्पांसाठी."

कस्तुरी हेल्मेटचा पट्टा ओढत राहिली. "मी तर मेमध्येच घेतली होती. पप्पांसाठीच. फादरना बोलले होते, आईला बिलकुल सांगू नका."

"मग रोज संध्याकाळी ते..."

"तू म्हणायची ना. म्हणून मी पण म्हणायची."

दोघी गाडीवरून घरी आल्या. कस्तुरीनं मीटरमागून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि किल्ली आईच्या हातावर ठेवली. शोभनानं ती पर्समध्ये टाकली. विष्णूसाठी रडू तेव्हाही आलं नाही. पण पोरगी सात महिने बापाचं दुःख एकटी करत बसली, आणि आपण शेजारी गुडघे टेकून तिला रोज खोटं म्हणायला लावलं, याचं तिला फार, फार वाईट वाटलं.

पोहे उघडेच राहिले होते. ते गरम करताना तिनं विचारलं, "आज संध्याकाळी काय म्हणायचं गं?"

"बघू," कस्तुरी म्हणाली. "आधी खाऊन तर घे."